नदी पोसेल तेवढीच फौज
मेसोपोटेमियाची मोहीम, १९१४ ते १९१८ : प्रस्तावना

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेची हकीगत आजवर बहुधा दोन तऱ्हांनी सांगितली गेली आहे. एका तऱ्हेत सगळा दोष सेनापतींच्या पदरात पडतो. जनरल निक्सन हट्टी, जनरल टाऊनशेंड कीर्तीचा भुकेला, आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षेपायी १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत-अल-अमारा इथे सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, असा तिचा सूर असतो. दुसरी तऱ्हा पलटणींच्या इतिहासांची आणि स्मारकांवरच्या लेखांची. तिच्यात चिखल असतो, ऊन असते, उपासमार असते आणि या सगळ्याला पुरून उरणारे शौर्य असते. दोन्हींत तथ्य आहे, आणि त्या शौर्याबद्दल शंका घेण्याचे काही कारण नाही. पण दोन्ही वाचून संपल्या तरी एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. इंग्रज-हिंदी सैन्य १९१६ च्या पहिल्या चार महिन्यांत टायग्रिसच्या काठी एकामागून एक हल्ले करते आणि दर वेळी मागे फेकले जाते. तेच सैन्य, त्याच नदीच्या काठाने, त्याच शत्रूला मागे रेटत ११ मार्च १९१७ रोजी बगदादमध्ये शिरते. मधल्या काळात शिपायांचे धैर्य अचानक वाढले नव्हते आणि तुर्कांचेही आटले नव्हते. बदलली होती ती रसद. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते हे, की ही मोहीम जमिनीवर लढली गेली पण तिचा निकाल पाण्यावर लागला: आधी मुंबई ते बसरा या समुद्रावर आणि मग बसरा ते बगदाद या नदीवर. नदी पोसेल तेवढीच फौज तिथे पुढे जाऊ शकत होती. ही मर्यादा झुगारली तेव्हा कूत झाले, मर्यादाच वाढवली तेव्हा बगदाद पडले.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही, किंबहुना नसावा. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून या मोहिमेवर निघालेली तुकडी सहाव्या डिव्हिजनची होती आणि त्या डिव्हिजनचे रूढ नाव ‘पूना डिव्हिजन’. तिच्या तिन्ही ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती: १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा. देशावरचे आणि कोकणातले हे शिपाई बसऱ्यापासून टेसिफॉनपर्यंत प्रत्येक मोठ्या लढाईत होते, आणि या तिन्ही पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या. ज्या डिव्हिजनचा घास या मोहिमेने घेतला तिच्या नावातच पुणे आहे. तरीही शालेय पुस्तकांतून पहिले महायुद्ध म्हणजे फ्रान्समधले खंदक, एवढेच आपल्या मनावर ठसते. हिंदी सैन्यातली सर्वांत जास्त माणसे ज्या रणभूमीवर गेली ती मात्र फ्रान्सची नव्हती, मेसोपोटेमियाची होती.

मोहिमेचा उगमच समुद्राशी जोडलेला होता. इंग्रजांचे आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होते. इराणमध्ये मस्जिद-इ-सुलेमानच्या विहिरींतले तेल नळाने आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यात येत होते, आणि युद्ध सुरू होण्याच्या थोडेच आधी ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. आबादान शत-अल-अरबच्या पूर्व तीरावर, तर पश्चिम तीर तुर्कांचा. तेलाचे रक्षण, इराणी आखातातला दरारा आणि तिथल्या अरब शेखांना दिलेली वचने, एवढ्या हेतूने जनरल डेलामेनची ब्रिगेड, म्हणजे मुंबईहून निघालेली ती तुकडी, आखातात आणून ठेवली गेली. तुर्कस्तानशी युद्ध पुकारल्यावर दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, ती फाव इथे उतरली. मागोमाग बाकीची डिव्हिजन आली, २२ नोव्हेंबरपर्यंत बसरा हाती आले आणि ९ डिसेंबरला कुर्ना पडले. हे सगळे स्वस्तात झाले, कारण इथवर समुद्रावरची जहाजे आणि आरमाराच्या तोफा सैन्याच्या सोबत येऊ शकत होत्या. मुंबईत चढवलेला माल आठवड्याभरात शत-अल-अरबमध्ये पोचत होता. मुंबईचा अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालीच खुला झाला होता आणि हिंदुस्थानातून निघणाऱ्या फौजांचे ते मोठे द्वार बनले. मोहीम कुर्न्याला थांबली असती तर आज कोणाला तिची आठवणही राहिली नसती, इतकी ती सुरळीत होती.

कुर्न्याच्या पुढे सगळे बदलते, आणि हा बदल समजून घेण्यासाठी थोडा वेळ नदीजवळ थांबायला हवे. बसरा त्या वेळी व्यापारी गाव होते, आधुनिक बंदर नव्हते. जहाज लागेल असा धक्काच तिथे नव्हता. समुद्रावरून आलेले जहाज नदीच्या मध्यभागी नांगर टाकून उभे राही आणि त्यातला दाणागोटा, दारूगोळा, घोडे, तंबू, सगळे ‘महैला’ नावाच्या देशी गलबतांत उतरवून काठावर आणावे लागे. ज्या जहाजांची बूड खोल, त्यांना तर मुखाजवळचा गाळाचा उंचवटाही ओलांडता येत नसे. पुढे बसऱ्याहून बगदादपर्यंत नदीमार्गे सुमारे ५०० मैल. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही, पावसात गाडी रुतेल असा चिखल आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून एक मजलही अवघड. त्यामुळे नदी हाच रस्ता. पण ती नदीही वर्षभर सारखी नाही. अनातोलियाच्या डोंगरांतले बर्फ वितळले की वसंतात तिला पूर येतो आणि आसपासचा मुलूख पाण्याखाली जातो. शरद ऋतूत ती इतकी उतरते की उथळ बुडाच्या बोटीही वाळूत रुततात. कुर्ना आणि अमारा यांच्यामध्ये एके ठिकाणी पात्र इतके अरुंद आणि वळणांचे आहे की समोरासमोर आलेल्या दोन आगबोटींना एकमेकींना ओलांडणे मुश्कील. अशा नदीवर सैन्याच्या हाती सुरुवातीला होत्या त्या लिंच कंपनीच्या काही जुन्या चाकाच्या बोटी आणि इकडून तिकडून गोळा केलेले थोडेसे तारू.

आता यात एक हिशेब दडलेला आहे आणि माझ्या मते साऱ्या मोहिमेची किल्ली त्या हिशेबात आहे. सैन्य जितके पुढे जाईल तितकी प्रत्येक बोटीची खेप लांबते. अंतर दुप्पट झाले की त्याच बोटी महिन्याकाठी निम्म्याच खेपा करतात, म्हणजे आघाडीवर पोचणारा माल निम्मा होतो. दुसऱ्या बाजूने पुढे गेलेल्या सैन्याची गरज वाढते: शत्रू वाढतो म्हणून कुमक लागते, जखमींना परत आणायला त्याच बोटी लागतात, मागच्या ठाण्यांवर पहारे ठेवावे लागतात आणि त्या पहारेकऱ्यांनाही खायला लागते. म्हणजे प्रत्येक विजय पुढच्या विजयाची शक्यता कमी करत जातो. १९१५ साली नेमके हेच झाले, पण विजयांच्या झगमगाटात ते दिसले नाही. एप्रिलमध्ये शैब्याला तुर्कांचा मोठा हल्ला परतवला गेला. बसरा आणि शैबा यांच्यामध्ये पुराचे पाणी पसरलेले असताना कुमक ‘बेलम’ नावाच्या होड्यांतून न्यावी लागली होती. ३ जूनला टाऊनशेंड आणि आरमाराचा कॅप्टन नन हे मूठभर माणसांनिशी अमाऱ्याला पोचले आणि भांबावलेल्या तुर्कांनी गाव सोपवले. २५ जुलैला युफ्रेटिसवरचे नासिरिया पडले, सप्टेंबरच्या अखेरीस कूत. प्रत्येक वेळी रेषा लांबली, बोटी जवळपास तेवढ्याच राहिल्या. निक्सनने उन्हाळ्यात आणखी बोटींची मागणी केली होती, बसरा ते नासिरिया रेल्वेही मागितली होती. बोटींना उशीर झाला आणि रेल्वे खर्चाच्या कारणाने नाकारली गेली. हिंदुस्थान सरकारच्या लष्करी खात्याला युद्धापूर्वीपासून काटकसरीची सवय लागली होती आणि सीमेवरच्या टोळ्यांशी लढण्यापुरती सामग्री बाळगणारे ते खाते समुद्रापलीकडच्या युद्धाचा भार वाहत होते.

कूत पडल्यावर पळणाऱ्या तुर्कांचा पाठलाग व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण नदी उतरली होती आणि बोटी वाळूवर बसत होत्या. सैन्य अझीझियापर्यंत गेले आणि तिथे सहा आठवडे थांबले. त्या सहा आठवड्यांत तुर्कांनी टेसिफॉनला खंदक खणले आणि ताज्या दमाच्या डिव्हिजन आणल्या. टाऊनशेंडने लेखी कळवले होते की एवढ्या तुटपुंज्या बळावर आणि वाहतुकीवर बगदादचा नाद धरू नये. तरी ऑक्टोबरच्या शेवटी लंडनने परवानगी दिली. गॅलिपोलीत अपयश आले होते आणि पूर्वेकडे नाव राखायला एखादा विजय हवा होता. २२ नोव्हेंबरपासून टेसिफॉनला झालेल्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. तुर्कांचेही नुकसान भयंकर होते, पण त्यांची कुमक जवळ होती आणि इंग्रजांची समुद्रापार. आणि मग जखमींचे हाल सुरू झाले. त्यांना न्यायला रुग्णवाहिका नव्हत्या. तट्टांच्या, स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत हाडे मोडलेली माणसे एकमेकांवर रचून काठापर्यंत आणली गेली. नदीवर रुग्णांसाठी वेगळी बोट जवळपास नव्हतीच. ‘मजिदिया’ ही बोट शेकडो जखमींना घेऊन बसऱ्याला आली तेव्हा कित्येक दिवस त्यांची मलमपट्टी बदलली गेली नव्हती, आणि डेकवरची घाण बाजूंनी खाली ओघळून वाळली होती. मेजर कार्टर या हिंदी वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्याने हे जसेच्या तसे लिहून वर पाठवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दटावले. या प्रसंगाचा राग आजही यावा असाच आहे. इथे शत्रूने काही केले नव्हते. ज्या बोटी नसल्याने धान्य कमी पडत होते, त्याच बोटी नसल्याने जखमी सडत होते.

३ डिसेंबरला टाऊनशेंड कूतला परतला आणि चार दिवसांत वेढा पडला. तो जवळपास पाच महिने चालला. नदीच्या वळणात अडकलेल्या त्या गावात सैन्याबरोबर सुमारे ६,००० रहिवासीही होते आणि त्यांनाही खायला लागत होते. बाहेरून सुटकेसाठी जे सैन्य पाठवले गेले ते तुकड्यातुकड्यांनी, कारण बसऱ्याला उतरलेल्या पलटणी वर न्यायला बोटी पुरत नव्हत्या. आघाडीवर माणसांची टंचाई होती तेव्हा हजारो शिपाई आणि त्यांच्या तोफा खाली बसऱ्याकडे वाट पाहत होत्या. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयत अशा लढायांत सुटकेच्या सैन्याने सुमारे २३,००० माणसे गमावली, म्हणजे वाचवायची होती त्यांच्याहून कितीतरी अधिक. शेवटी विमानांतून अन्न टाकण्याचा प्रयत्न झाला. युद्धाच्या इतिहासातला हा असा पहिलाच मोठा प्रयत्न. धान्य दळायला साधन नाही म्हणून जात्याचे दगडही विमानातून टाकले गेले. पण त्या काळची विमाने गरजेच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुल्नार’ ही बोट २७० टन अन्नसामग्री घेऊन तुर्कांच्या तोफांमधून घुसायला निघाली. ती अडवली गेली. तिच्यावरचे फर्मन आणि काउली हे दोघे अधिकारी प्राणाला मुकले आणि दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कूत शरण आले.

वेढ्याबद्दलच्या इंग्रजी लेखनात एक आरोप अनेकदा डोकावतो. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला, त्यामुळे त्यांची ताकद खचली आणि वेढा लवकर आटोपला, असा तो आरोप. हे म्हणणे अन्यायाचे आहे. घोड्याचे मांस खाऊन गावी परतलेल्या माणसाला पंगतीत बसू दिले जाईल का, लेकीबाळींची लग्ने होतील का, ही त्या शिपायाची चिंता खरी होती. त्याचे आयुष्य वेढ्यापुरते नव्हते. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवली गेली, आणि भूक टोकाला गेली तेव्हा एप्रिलमध्ये अनेकांनी ते खाल्लेही. शिवाय त्यांच्यात पसरलेली स्कर्व्ही ताज्या भाजीपाल्याच्या अभावानेही होत होती. उपाशी माणसाच्या आचारावर बोट ठेवून त्याला उपाशी ठेवणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडायचे, असा हा युक्तिवाद आहे.

पानिपताचा इतिहास घोकलेल्या मराठी वाचकाला या सगळ्यात एक ओळखीची खूण दिसेल. १७६० च्या ऑक्टोबरमध्ये अब्दालीने बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट रोखली, डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊसाहेबांच्या छावणीची रसद आटली. १४ जानेवारीची लढाई उपाशीपोटी लढावी लागली. आपल्या इतिहासकारांनी त्या पराभवाची चर्चा करताना दाणा-वैरणीला नेहमी मोठे स्थान दिले आहे. कूतकडे पाहतानाही हीच दृष्टी हवी. फरक एवढाच की पानिपतावर शत्रूने रसद तोडली, तर कूतच्या बाबतीत ती पुरेशी कधी उभीच राहिली नव्हती.

माझ्या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. पहिला टाऊनशेंडविषयी. त्याने सुरुवातीला धान्य साधारण दोन महिने पुरेल असे कळवले. त्या भीतीने सुटकेचे सैन्य अपुऱ्या तयारीनिशी जानेवारीतच हल्ल्याला भिडले. मग जानेवारीच्या अखेरीस घरोघर झडती घेतल्यावर साठा एप्रिलपर्यंत जाईल असे निघाले. हा दोष त्याचाच, आणि त्याची किंमत हजारो जणांनी मोजली. शरणागतीनंतर त्याचे शिपाई वाळवंटातून हाकले जात असताना तो स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर मानाने राहिला, हेही विसरता येत नाही. पण समजा त्याने साठा अचूक कळवला असता तर काय झाले असते? सैन्य थांबले असते हे खरे. पण थांबून जमवायचे ते माणूसबळ आणि तोफा वर आणायला बोटीच लागणार होत्या, आणि एप्रिलच्या पुरापूर्वी त्या पुरेशा येणार नव्हत्या. सेनापतीच्या चुकीने संकट वाढले, ते निर्माण मात्र आधीच झाले होते. दुजैल्याच्या लढाईबद्दल मात्र मी नदीच्या आड लपू इच्छित नाही. ८ मार्चच्या पहाटे सुटकेच्या सैन्याची तुकडी रात्रीची कूच करून तुर्कांच्या बगलेवर अचानक पोचली होती आणि समोरचा कोट जवळपास रिकामा होता. तोफांची तयारी पुरी होईपर्यंत ती थांबवून ठेवली गेली आणि तेवढ्यात तुर्क सावध झाले. ही संधी सेनापतींनी गमावली. फार तर एवढे म्हणता येईल की नदीपासून दूर गेलेल्या त्या तुकडीजवळ पाणी इतके कमी होते की दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी तिला परत फिरावे लागले.

दुसरा आक्षेप असा की या मांडणीत तुर्कांचे श्रेय हिरावले जाते. ते हिरावले जाऊ नये. नुरेद्दीन आणि खलील या तुर्क सेनापतींच्या सैन्याने टेसिफॉनला आणि सन्नैयतला जी चिकाटी दाखवली ती इंग्रज अधिकाऱ्यांनीही मान्य केली आहे. पण तुर्कांची रसद पाहिली तर माझे म्हणणे दुबळे होत नाही, उलट पक्के होते. बगदाद रेल्वे अर्धवट होती: टॉरस आणि अमानस पर्वतांत बोगदे अपुरे, आणि रस-अल-ऐनच्या पुढे रूळच नाहीत. तिथून पुढे माल जनावरांवर किंवा फुगवलेल्या कातड्यांच्या ‘कलक’ तराफ्यांवर येई. त्यांना एकच फायदा होता, पण तो मोठा: त्यांचा माल प्रवाहाबरोबर खाली येत होता आणि इंग्रजांचा प्रवाहाविरुद्ध वर चढत होता. कूतमध्ये पकडलेल्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना तुर्कांनी रस-अल-ऐनकडे नेऊन त्याच रेल्वेच्या कामाला लावले. म्हणजे रसदेपायी कैद झालेली माणसे शत्रूची रसद उभारण्यात खपली. बंगालीत शिशिर सर्वाधिकारी या रुग्णपथकातल्या तरुणाने त्या कैदेची आठवण ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. हिंदी माणसाच्या नजरेतून ही मोहीम पाहायची तर तेवढे मोलाचे साधन क्वचितच सापडेल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. बगदाद घेतले ते जनरल मॉडच्या कौशल्याने आणि संख्याबळाने, बोटींनी नव्हे, असे म्हणता येईल. मॉड सावध आणि कामाचा सेनापती होता यात वाद नाही, आणि १३ डिसेंबर १९१६ ला त्याने चढाई सुरू केली तेव्हा त्याचे बळ तुर्कांच्या दुपटीहून अधिक होते. पण हे दुप्पट बळ कूतसमोर उभे कसे राहिले आणि जेवले कसे, हा प्रश्न विचारला की उत्तर पुन्हा नदीवर येते. १९१६ मध्ये लंडनच्या वॉर ऑफिसने मोहीम हिंदुस्थान सरकारच्या हातून काढून घेतली आणि नदीवरची वाहतूक वेगळ्या खात्याकडे सोपवली. रंगून बंदराचा अनुभव असलेला सर जॉर्ज बुकॅनन बसऱ्याच्या बंदराकडे पाहायला आला. मागिलला धक्के बांधले गेले, नदीत बोये आणि रात्रीचे दिवे लागले, अरुंद पात्रातल्या जा-येला शिस्त आली. इरावतीसारख्या नद्यांवरच्या चाकाच्या बोटी समुद्र ओलांडून आणल्या गेल्या. सपाट बुडाच्या त्या बोटींपैकी कित्येक वाटेत लाटांनी गिळल्या, तरी पुढच्या निघतच राहिल्या. कुर्ना ते अमारा रेल्वे झाली, शेख सादपासून आघाडीपर्यंत हलकी रेल्वे झाली. हे सारे होईपर्यंत मॉडने हल्ला केला नाही, आणि त्याचे खरे मोठेपण मला या थांबण्यात दिसते. २३ फेब्रुवारी १९१७ ला शुमरानच्या वळणावर नदी ओलांडली, कूत परत आले, कॅप्टन ननच्या गनबोटींनी पळत्या तुर्कांना गाठले आणि १९१५ च्या माघारीत गमावलेली ‘फायरफ्लाय’ ही गनबोट परत मिळवली. आणि मग मॉड थांबला तो कुठे? अझीझियालाच. टाऊनशेंडला तिथे सहा आठवडे अडकून पडावे लागले होते. मॉडने आठवडाभरात मागची वाहतूक सावरली आणि ५ मार्चला तो पुढे निघाला. दोन्ही मुक्कामांत अंतर तेच होते आणि शत्रू तोच होता. या दोन मुक्कामांची तुलना मला साऱ्या मोहिमेतला सर्वांत बोलका पुरावा वाटते.

आणखी एक आक्षेप वेगळ्या जातीचा आहे आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. बोटी, टन आणि मैल यांच्या भाषेत युद्ध सांगितले की माणूस हरवतो, आणि ज्यांच्या भूमीवर ते झाले ते इराकी लोक तर दिसतच नाहीत. दुसऱ्या अर्ध्याबद्दल हा आक्षेप मला मान्य आहे. टायग्रिसकाठच्या गावांनी दोन्ही सैन्यांचे ओझे सोसले. कूतच्या रहिवाशांनी वेढ्याची भूक सोसली आणि नंतर इंग्रजांना साथ दिल्याच्या संशयावरून तुर्कांची शिक्षाही. आपण जिंकायला नव्हे तर मुक्त करायला आलो आहोत असा जाहीरनामा बगदादमध्ये लागला, आणि १९२० मध्ये त्याच देशाला इंग्रजांविरुद्ध उठाव करावा लागला. ती कहाणी या विषयाइतकीच मोठी आहे. पण पहिल्या अर्ध्याबद्दल मी उलट म्हणेन: रसदेकडे पाहिले की अधिक माणसे दिसतात. १९१९ अखेरपर्यंत हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे गेली आणि त्यांतली निम्मी लढाऊ नव्हती. ते हमाल, खलाशी, खेचरवाले, डोलीवाले, धोबी, सुतार, रेल्वेचे मजूर होते. काही तर शिक्षेत सूट मिळेल या आशेने तुरुंगांतून आलेले कैदी होते. पलटणींच्या इतिहासात यांना जागा नाही, कारण तो इतिहास बंदूक हातात असलेल्याचा आहे. माल चढवणाऱ्याचा आणि बोट हाकणाऱ्याचा इतिहास लिहायचा तर धक्क्यावरून आणि नदीवरूनच सुरुवात करावी लागते.

या अपयशाचा धक्का इंग्रजांच्या राजकारणालाही बसला, आणि इथे ही दूरची मोहीम आपल्याकडच्या घडामोडींना येऊन भिडते. १९१६ च्या ऑगस्टमध्ये नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन, म्हणजे १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला तेव्हाचे भारतमंत्री. १९१७ च्या जूनमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर, विशेषतः वाहतूक आणि वैद्यकीय व्यवस्थेवर, कठोर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पार्लमेंटच्या चर्चेत हिंदुस्थान सरकारच्या जुनाट, न वाकणाऱ्या कारभारावर तुटून पडलेले माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्टला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झाली. घोषणेचा मसुदा आधीपासून घडत होता, त्यामुळे कूतमुळे सुधारणा आल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हे सरकार कार्यक्षम आहे म्हणून त्याला निरंकुश राहू द्या, हा युक्तिवाद त्या अहवालानंतर कोणाला तोंड वर करून करता येईना. १० जून १९१८ ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी भरवलेल्या युद्धपरिषदेत सरकार आणखी माणसे मागत होते. टिळक सहकार्याबरोबर स्वराज्याचा विषय काढू लागताच त्यांना मध्येच थांबवले गेले आणि ते सभा सोडून निघून गेले. तो प्रसंग आपण टिळकांच्या चरित्रात वाचतो. त्या सभेत मागितल्या जाणाऱ्या माणसांपैकी किती नदीवर, रुळांवर आणि इस्पितळांत खपणार होती, हे लक्षात घेतले तर त्याचा अर्थ अधिक गंभीर होतो.

बसऱ्याजवळच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रज शिपायांची नावे त्यावर कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि मृतांचा आकडा आला. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात त्या युद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. मराठा पलटणींच्या पराक्रमावर मराठीत थोडेफार लिहिले गेले, आणखी लिहिले जायला हवे. पण गोदीतल्या हमालांच्या मजुरीचे दफ्तर, खलाशांच्या भरतीच्या वह्या, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या इमारतीत थाटलेल्या लष्करी इस्पितळाचे कागद, कोकणातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पदके आणि पेन्शनची पुस्तके, या साधनांकडे मराठी इतिहासलेखनाने अजून पुरते वळून पाहिलेले नाही. पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने बसरा ते बगदादचा नकाशा शेजारी उघडा ठेवावा, आणि प्रत्येक लढाईच्या वर्णनाआधी तिथवर बोट किती दिवसांत पोचत होती ते पाहून घ्यावे.